चौकट, चेहरा आणि विंचवाची नांगी : समकालीन चित्रकथेतील शैलीविचार

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांच्या विभागांत चित्रकथेला आजवर बालवाङ्मयाच्या पंगतीतच, तेही शेवटच्या पाटावर, बसवले गेले. आता 'ग्राफिक नॉव्हेल' हा शब्द रूढ झाल्यामुळे तिला थोडी प्रतिष्ठा आली आहे आणि काही विद्यापीठांच्या इंग्रजी अभ्यासक्रमांतही तिचा शिरकाव झाला आहे. पण वर्गात आपण करतो काय? कथानक सांगतो, 'सामाजिक आशय' उलगडतो आणि चित्रांना 'प्रभावी' असे एक विशेषण देऊन पुढे जातो. कवितेतील वृत्ताबद्दल किंवा कादंबरीतील निवेदकाबद्दल इतकी बेपर्वाई आपण कोणा विद्यार्थ्याची खपवून घेणार नाही.

चित्रकथेची शैली म्हणजे आशयावर चढवलेला रंग नव्हे, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. पानाची विभागणी कशी केली आणि माणसाचा चेहरा कसा काढला, या दोन गोष्टींतच लेखक-चित्रकाराची भूमिका ठरून जाते. ती त्याच्या शब्दांशी नेहमी जुळतेच असे नाही.

आपल्या पिढीचा डोळा 'अमर चित्र कथा'ने घडवला. अनंत पै यांनी 1967 साली सुरू केलेल्या या मालिकेला राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांच्यासारखे मराठी चित्रकार लाभले. त्यांची रेषा कसलेली होती, यात शंका नाही. राजा रवि वर्म्यांच्या छापील चित्रांचे डौलदार देह आणि अमेरिकन साहसकथांची गती यांचा मेळ तिथे झाला. पण त्या मालिकेचा एक अलिखित नियम होता : माणूस बरा की वाईट, हे तोंडावरून कळले पाहिजे. नायक उजळ व सुडौल, असुर सावळा व बेढब. मुस्लिम राज्यकर्त्यांच्या चित्रणावरही अभ्यासकांनी आक्षेप घेतले आहेत आणि ते बहुतांशी रास्त आहेत. नंदिनी चंद्रा यांचा 2008 मधील ग्रंथ या संदर्भात मुळातून पाहावा.

याच्या अगदी उलट टोकाला जो सॅको आहे. त्याचे 'पॅलेस्टाइन' 1993 ते 1995 या काळात अंकांच्या रूपात आले आणि 2001 मध्ये एडवर्ड सईद यांच्या प्रस्तावनेसह एका खंडात निघाले. सॅको पत्रकार आहे. बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांच्या जाळ्यातून तो चिखल, पत्रे, स्वेटरची वीण असे सारे काढतो. स्वतःला मात्र जाड ओठांचा, डोळे न दिसणाऱ्या चष्म्याचा विदूषक करतो. त्यातील एका प्रकरणात एक पॅलेस्टिनी कैदी आपल्या चौकशीची हकीकत सांगतो. सुरुवातीला पानावर मोजक्या, ऐसपैस चौकटी असतात. त्याच्या डोक्यावर पिशवी चढते, दिवस जात राहतात, तसतशा चौकटी लहान आणि संख्येने अधिक होत जातात. शेवटी पान म्हणजे काळ्या भिंतींच्या कोठड्यांची रांगच होते. तो सुटतो तेव्हा चौकटीही उघडतात. 'कोंडमारा' हा शब्द कुठेही न वापरता तो वाचकाच्या अंगावर येतो. गद्यात हे साधायला किती वाक्ये खर्ची पडली असती!

मार्जान सत्रापीच्या 'पर्सेपोलिस'मध्ये (मूळ फ्रेंच, चार खंड, 2000 ते 2003) अशी नक्षीदार मेहनत नाही. नुसता काळा आणि नुसता पांढरा. सावली नाही, पोत नाही. काहींना हे चित्रकलेतील कच्चेपण वाटते. मला तसे वाटत नाही. पहिल्याच पानावर, 1980 सालच्या इराणमध्ये, सारखाच हिजाब घेतलेल्या शाळकरी मुली एका ओळीत बसलेल्या आहेत. वरवर पाहिले तर एकाच ठशाच्या. नीट पाहिले की भुवया, ओठ, केसांची डोकावणारी बट यांत प्रत्येक वेगळी. इतक्या थोड्या रेषांत वेगळेपण दाखवावे लागले म्हणूनच ते शोधण्याचे काम वाचकावर येते. हिजाब हा 'प्रश्न' म्हणून पाहायची सवय झालेल्या डोळ्याला मुली पाहायला लावणे ही लहान गोष्ट नव्हे.

क्रेग थॉम्पसनच्या 'हबीबी'बद्दल (2011) मात्र मला थोडे कठोर व्हावे लागेल. कारण ते पुस्तक हाती घेताच मी हरखून गेलो होतो. साडेसहाशेहून अधिक पानांत अरबी अक्षरे नदीसारखी वाहतात, शाईच्या थेंबातून पाणी होते, तीन बाय तीनच्या जादूच्या चौरसावर प्रकरणांची रचना बेतलेली आहे. कुराण आणि बायबलमधील कथा शेजारीशेजारी आदराने मांडल्या आहेत. उर्दूच्या शिक्षकाला खत्तातीचा असा सन्मान पाहून बरे न वाटेल तरच नवल. पण हळूहळू लक्षात येते की या पुस्तकात अक्षरे फार सुंदर आहेत आणि माणसे फार ओळखीची. गुलामांचा बाजार, जनानखाना, ऐशआरामी क्रूर सुलतान, वाळवंट : एकोणिसाव्या शतकातील युरोपीय चित्रकारांनी 'पूर्व' म्हणून जे जे रंगवले ते सारे येथे हजर आहे. नायिकेचा नग्न देह तर पानोपानी. लेखकाला या परंपरेची जाण आहे, त्याची सहानुभूतीही खरी आहे. तरी रेषा जुन्याच वाटेने जाते. त्याला अरबी भाषा येत नाही. तो लिपी पाहतो, तीत राहत नाही. नक्षीने डोळा निवला की मन जाब विचारायचे विसरते, हा धोका आपल्यासारख्या वाचकांनाच अधिक आहे.

आता 'भीमायन'. हे पुस्तकही 2011 चेच. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची चित्रे, श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे लेखन, दिल्लीच्या 'नवयान'चे प्रकाशन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आठवणींतील पाणी, निवारा आणि प्रवास या तीन विषयांवर त्याची उभारणी आहे. याच चरित्रावर 'अमर चित्र कथा'ने 1979 मध्ये एक अंक काढला होता. दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत, म्हणजे शैली म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

व्यामांनी चौकटी काढल्याच नाहीत. पात्रांना डब्यात कोंबायचे नाही, त्यांना श्वास घेता आला पाहिजे, अशी त्यांची धारणा. गोंड घरांच्या भिंतींवर व जमिनीवर काढल्या जाणाऱ्या 'दिगना' या नक्षीचे वळणदार पट्टे पान विभागतात. सॅकोची चौकट कोठडी दाखवते. येथे ज्याला आयुष्यभर हद्दीबाहेर ठेवले त्याला पानावर तरी हद्द नाही. तहानलेल्या बालभीमाचा देहच मासा होतो. संवादफुग्यांचे नियमही त्यांचे स्वतःचे आहेत : साध्या, मायेच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी.

हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. व्यामांच्या चित्रांत बहुतेक चेहरे एकाच ठेवणीचे, बाजूने काढलेले, मोठ्या डोळ्यांचे. छळणारा आणि छळ सोसणारा यांच्या नाकाडोळ्यांत फरक नाही. विष चेहऱ्यात नाही, शब्दात आहे. म्हणजे दुर्जन जातीवरून, रंगावरून किंवा दाढीवरून ओळखायची सोयच राहत नाही.

आपल्यासाठी याला वेगळा अर्थ आहे. 1917 साली वडोद्यात पारशी धर्मशाळेतून आंबेडकरांना काठ्यांच्या धाकाने बाहेर काढले गेले, ही हकीकत आपण सांगतो; तिच्यावर व्याख्याने होतात. तिसऱ्या भागात 1934 सालचा दौलताबादचा प्रसंग आहे. तो भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, महिना रमजानचा होता. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी किल्ल्याच्या दाराजवळच्या टाकीवर प्रवासाची धूळ धुतात आणि पाणी बाटवले म्हणून स्थानिक मुसलमान त्यांच्यावर धावून येतात. धर्मात जिची शिकवण नाही ती अस्पृश्यता माणसांत होती. पुढे पाण्याला हात लागू नये म्हणून बरोबर सशस्त्र शिपाई देऊन त्यांना किल्ला दाखवण्यात आला. 'अमर चित्र कथा'ने आणि 'हबीबी'ने आपले चेहरे कसे रंगवले याची तक्रार आपण करतो आणि करावीच; पण दौलताबादची पाने पटकन उलटायची, असा दुटप्पीपणा समीक्षेला शोभत नाही. व्यामांनी या प्रसंगी कोणाला राक्षस केलेले नाही, म्हणून तर ही पाने पाहणे अधिक अवघड जाते.

पुस्तक निर्दोष नाही. बसथांब्यावर आरक्षणावरून वाद घालणाऱ्या दोन आधुनिक पात्रांची चौकटकथा प्रचारकी आणि कोरडी झाली आहे. खैरलांजीच्या (2006) बातम्यांची कात्रणे चित्रांत मुरत नाहीत. सारख्या चेहऱ्यांमुळे बाबासाहेबही कित्येकदा केवळ चष्म्यावरून ओळखावे लागतात. लेखकांचा चित्रांवर पुरेसा विश्वास नसावा, असे वाटत राहते. व्यामांचा मासा जे एका पानात सांगतो तेच शब्दांनी पुन्हा समजावले जाते.

ज्या महाविद्यालयांत हे पुस्तक शिकवले जाईल, तेथे पहिल्या तासाला मजकूर झाकून नुसती पाने दाखवून पाहावीत आणि नांगीचा फुगा कोणाच्या तोंडी आहे एवढेच विचारावे. दौलताबादचे पान त्यात असू द्यावे.