वृद्धांमधील अस्थिभंगाचा धोका आणि यंत्र-अध्ययन : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
उतारवयात हाडे ठिसूळ होतात आणि साध्या घसरण्यानेही खुब्याचे हाड मोडते. हा धोका आधी ओळखता यावा यासाठी शेफील्ड विद्यापीठाने २००८ साली ‘फ्रॅक्स’ हे साधन उपलब्ध केले. वय, लिंग, वजन, उंची, पूर्वीचा अस्थिभंग, आईवडिलांच्या खुब्याचा अस्थिभंग, धूम्रपान इत्यादी माहितीवरून पुढील १० वर्षांतील संभाव्यता ते सांगते. यंत्र-अध्ययन ही त्यापुढची पायरी होय. येथे संगणक हजारो रुग्णांच्या नोंदींतून घटकांमधील संबंध स्वतःच शोधतो. मात्र या पद्धतीचे यश सर्वस्वी नोंदींवर अवलंबून असते.

चिकित्सा :
पहिला प्रश्न विचारल्या जाणाऱ्या माहितीचा आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अनेक वृद्ध स्त्रिया धूम्रपान करीत नाहीत, मिश्री लावतात. धूम्रपानाच्या रकान्यात त्यांचे उत्तर ‘नाही’ असेच येते. मिश्रीचा हाडांवर परिणाम होतो की नाही, हे तपासण्याची वाटच त्यामुळे बंद होते. ‘आई पडली आणि अंथरुणाला खिळली’ एवढेच ज्यांना आठवते, त्यांना कोणते हाड मोडले होते हे सांगता येत नाही.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. मिरजेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वैद्यकीय सेवेची परंपरा आहे. कराडला वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु जत, आटपाडी, माण येथील वाड्यावस्त्यांवरची किंवा पाटणच्या डोंगराळ भागातली वृद्धा तेथवर पोहोचेलच असे नाही. ती हाडवैद्याकडे जाते अथवा घरीच पडून राहते. तिचा अस्थिभंग रुग्णालयाच्या दप्तरी येत नाही. अशा अपुऱ्या नोंदी गावोगावच्या माहितीशी जोडल्या, की यंत्राच्या लेखी तिचे हाड मोडलेलेच नसते. परिणामी जी सर्वाधिक असुरक्षित, तीच सुरक्षित ठरते. त्याच नोंदींवर यंत्राची अचूकता तपासली, तर ही चूक उघडकीस येत नाही. उलट अचूकतेचा आकडा समाधानकारक दिसू शकतो.

समारोप :
यावरून यंत्र-अध्ययन त्याज्य ठरत नाही. कामाचा क्रम मात्र बदलावा लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या ५८ लाखांहून अधिक होती. एवढ्या समाजासाठी आधी आशा स्वयंसेविकांमार्फत वृद्धांचे पडणे, अंथरुणाला खिळणे व घेतलेले उपचार यांची घरोघरी नोंद व्हावी. त्या नोंदींवर पारखून घेतल्यावरच यंत्राचे भाकीत येथील वृद्धांना लागू करावे. नोंदीअभावी जी व्यक्ती यंत्राला दिसतच नाही, तिचा धोका गणिताच्या सफाईने कळणार नाही.