सावरण्याची कला : कार्लेस पुयोलच्या बचावाची चिकित्सा

फुटबॉलचा इतिहास मुख्यतः गोल करणाऱ्यांच्या नावावर लिहिला गेला आहे. कबड्डीत कोपऱ्यावरच्या खेळाडूने चढाईपटूचा घोटा धरून ठेवला, की फलकावर लगेच गुण चढतो. फुटबॉलमध्ये बचावपटूने धोका टाळला तर फलक होता तसाच राहतो. काही घडले नाही, एवढीच त्याची कमाई. अशा खेळाडूबद्दल बोलताना मग समीक्षक त्याच्या खेळाऐवजी स्वभावाबद्दल बोलू लागतात. शूर, निष्ठावान, मोठ्या काळजाचा ही विशेषणे हाताशी असतातच. बार्सिलोनाचा कर्णधार कार्लेस पुयोल याच्या वाट्याला ती सर्वांत जास्त आली. ती खोटी नाहीत; पण त्यांनी त्याच्या खेळातली बुद्धी झाकून टाकली, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

या प्रतिमेचा उगम एका प्रसंगात दिसतो. २००२ साली कॅम्प नोऊ मैदानावर लोकोमोटिव्ह मॉस्कोविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग सामन्यात बार्सिलोनाचा गोलरक्षक चकला आणि गोल मोकळा पडला. पुयोलने तो फटका छातीवर घेतला. चेंडू जर्सीवरच्या क्लबच्या बोधचिन्हापाशी लागला आणि एक प्रतीक जन्माला आले. त्याची आठवण काढताना सगळे त्या छातीबद्दल बोलतात. पण फटका बसण्याआधी तो तिथे पोहोचला कसा? गोलरक्षकाचा तोल जाणार हे ओळखून चेंडूमागे धावण्याऐवजी गोलकडे सरकायचे, हा निर्णय आधी झाला होता. शौर्य दिसले ते त्या निर्णयाच्या शेवटी.

पुयोलचा जन्म १३ एप्रिल १९७८ रोजी कातालोनियातल्या ला पोब्ला दे सेगुर या डोंगराळ भागातल्या छोट्या गावी झाला. लहानपणी तो गोलरक्षक होता, नंतर पुढच्या फळीत खेळू लागला. १९९५ मध्ये, सतराव्या वर्षी, तो बार्सिलोनाच्या ला मासिया या युवा केंद्रात आला. अनेक मुले तिथे त्याच्या बरीच आधी येतात, हे लक्षात घेतले तर हा प्रवेश उशिराचाच. ऑक्टोबर १९९९ मध्ये लुई व्हान गालने त्याला मुख्य संघात उतरवले, ते उजवा बचावपटू म्हणून. पुढे फ्रँक राइकार्डच्या काळात तो बचावफळीच्या मध्यभागी स्थिरावला. १७८ सेंटिमीटर ही उंची या जागेसाठी कमीच. गोलरक्षक, आघाडीपटू, कडेचा बचावपटू आणि मग मधला बचावपटू हा प्रवास पाहिला, तर उपजत गुणांपेक्षा शिकत जाण्याची तयारी त्यात अधिक दिसते.

या शिकण्याची पहिली मोठी परीक्षा २१ ऑक्टोबर २००० रोजी झाली. लुईस फिगो त्याच उन्हाळ्यात बार्सिलोना सोडून रेआल माद्रिदला गेला होता आणि आता पाहुणा म्हणून कॅम्प नोऊवर परतत होता. मैदानावर शिट्ट्यांचा आणि शिव्यांचा नुसता कल्लोळ होता. फिगोला रोखण्याचे काम बावीस वर्षांच्या पुयोलकडे आले. अशा वेळी तरुण बचावपटू प्रेक्षकांच्या रागात वाहून जाऊन धसमुसळेपणा करण्याची भीती असते. पुयोलने फिगोला सावलीसारखे धरून ठेवले. बार्सिलोना २-० ने जिंकली आणि फिगोचा त्या दिवशी प्रभाव पडला नाही. गर्दीचा राग मोठा होता. खेळाडूने स्वतःला मात्र आवरून धरले होते.

हा विजय एकटाच राहिला. पुयोलच्या पहिल्या पाच हंगामांत क्लबने एकही मोठा चषक जिंकला नाही. २००४ मध्ये तो कर्णधार झाला आणि २००५ मध्ये पहिले लीग विजेतेपद आले. निवृत्त होईपर्यंत सहा लीग आणि तीन चॅम्पियन्स लीग विजेतेपदे त्याच्या नावावर जमा झाली. बार्सिलोनासाठी तो ५९३ अधिकृत सामने खेळला.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. २००८ मध्ये पेप ग्वार्दिओला प्रशिक्षक झाल्यानंतरच्या बार्सिलोनाचे वर्णन नेहमी छोट्या पासच्या सौंदर्याने होते. या सौंदर्याची एक किंमत होती. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या भागात फिरवायचा तर बचावफळीला मध्यरेषेपर्यंत वर यावे लागते. दानी आल्वेस कडेने पुढे निघून जाई. मागे पन्नासेक मीटर मोकळे रान उरे. पुढे एक पास चुकला, की त्या रानात प्रतिस्पर्ध्याचा वेगवान आघाडीपटू आणि दोन बचावपटू एवढेच राहत. जेरार्द पिके उंच आणि चेंडू खेळवण्यात वाकबगार, पण पाठलागात संथ. तो पाठलाग पुयोलच्या वाट्याला येई. दुसऱ्यांनी घेतलेल्या जोखमीचा हिशेब चुकता करणे हेच त्याचे काम होते. मराठीत याला नेमका शब्द आहे : सावरणे. एखादे मोठे कार्य निघाले, की बिघडलेले निस्तरणारे एक माणूस घरात असते आणि छायाचित्रांत ते बहुधा कडेला उभे असते. पुयोल तसा होता.

रिकामी पडेल ती जागा घेणे हाही सावरण्याचाच भाग. २००९ च्या रोममधल्या अंतिम सामन्यात आल्वेस निलंबित होता, म्हणून मँचेस्टर युनायटेडविरुद्ध पुयोल उजवीकडे खेळला. २०११ च्या उपांत्य फेरीत माद्रिदमध्ये तो डावीकडे होता. प्रत्येक जागेवर धावण्याची दिशा, शरीराचा कोन आणि शेजारी सगळेच बदलते. केवळ जिद्दीवर हे साधत नाही.

२०१० च्या विश्वचषकाकडे या दृष्टीने पाहावे. स्पेनचा तो विजय पासच्या खेळाचा विजय म्हणून सांगितला जातो. आकडे थोडे वेगळे बोलतात. सात सामन्यांत स्पेनने फक्त ८ गोल केले; इतक्या कमी गोलांवर दुसरा कोणताही संघ विश्वविजेता झालेला नाही. पण स्वीकारलेले गोल केवळ २, आणि बाद फेरीचे चारही सामने १-० असे जिंकलेले. एक चूक झाली असती तरी सारे फिसकटले असते. ७ जुलैला डर्बनमध्ये जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यातला एकमेव गोल पुयोलचा होता. ७३ व्या मिनिटाला चावीने कॉर्नर घेतला, पुयोल मागून धावत आला आणि पिकेच्याही वर उडी घेऊन त्याने हेडर मारला. उंची कमी असलेल्याने धावेचा उपयोग करून ती मिळवली.

मात्र समीक्षेने इथेच थांबू नये. चारच दिवसांनी, जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यात, ८३ व्या मिनिटाला नेदरलँड्सचा आर्येन रॉबेन पुयोलला मागे टाकून निघाला. पुयोलने त्याला हाताने धरले. रॉबेन पडला नाही, पळत राहिला आणि इकेर कासियासने पुढे येऊन चेंडू अडवला. पुयोलला आधीच एक पिवळे कार्ड मिळालेले होते. रॉबेन पडला असता आणि पंचांनी दुसरे कार्ड दाखवले असते, तर स्पेनला उरलेला सामना दहा खेळाडूंनिशी खेळावा लागला असता. ११६ व्या मिनिटाला आंद्रेस इनिएस्ताने गोल केला आणि तो क्षण विस्मरणात गेला. याउलट २००६ च्या विश्वचषकात हानोव्हर इथे फ्रान्सविरुद्ध १-१ अशी बरोबरी असताना पंचांनी पुयोलने तिएरी ऑन्रीला पाडल्याचा निर्णय दिला. तो वादग्रस्त होता. त्याच फ्री किकवर पॅट्रिक व्हिएराचा गोल झाला आणि स्पेन बाहेर पडला. एकदा धरले आणि निभावले. एकदा शंकास्पद कारणाने सारे गेले. बचावपटूची कीर्ती अशी दुसऱ्याच्या शिट्टीवर टांगलेली असते, म्हणून एखाद्या निकालावरून त्याचे मोल ठरवणे चुकीचे.

त्याच्या नेतृत्वातही हीच दृष्टी दिसते. २०१२ मध्ये रायो वायेकानोविरुद्ध संघ मोठ्या फरकाने जिंकत असताना थियागो आणि आल्वेस गोलनंतर नाचू लागले. पुयोलने जाऊन तो नाच थांबवला. हरणाऱ्याची लाज राखणे हेही त्याने कर्णधाराचेच काम मानले. २०११ मध्ये वेम्बलीवर चॅम्पियन्स लीग जिंकल्यावर त्याने कर्णधाराची पट्टी एरिक आबिदालच्या दंडावर चढवली. यकृतावरच्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत परतलेल्या आबिदालने चषक उंचावला.

त्याच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. लांब पास देण्यात तो पिके किंवा राफा मार्केसच्या तोडीचा नव्हता. त्याच्या शैलीने शरीराकडून फार वसूल केले. गुडघ्याच्या दुखण्यांनी शेवटचे हंगाम खाल्ले आणि २०१४ मध्ये त्याने क्लब सोडला. २०१३ च्या उपांत्य फेरीत तो जखमी असताना बायर्न म्युनिकने बार्सिलोनाला दोन सामन्यांत मिळून ७-० असे हरवले. त्याच हंगामात संघ १०० गुणांसह लीग जिंकला होता, आणि बायर्नविरुद्ध मेस्सीही तंदुरुस्त नव्हता. त्यामुळे त्या पराभवाचे सारे खापर पुयोलच्या अनुपस्थितीवर फोडता येणार नाही. पण बायर्नचे आघाडीपटू ज्या मोकळ्या रानात धावत होते, ते त्याने वर्षानुवर्षे राखलेले रान होते.

पुयोलला काळीज म्हणणे सोपे आहे, कारण काळजाचे विश्लेषण करावे लागत नाही. त्याचे सामने पुन्हा पाहताना नजर चेंडूवरून काढून त्याच्यावर ठेवावी. पास चुकण्याआधीच तो दोन पावले मागे सरकलेला दिसेल. त्याच्या कारकिर्दीचे मूल्यमापन त्या दोन पावलांपासून सुरू व्हायला हवे.