सही खरी, कागद खोटा?

मुख्याध्यापक झाल्यापासून शाळा सोडल्याच्या किती दाखल्यांवर मी सह्या केल्या, त्याची मोजदाद नाही. आपल्या सीमाभागात या सहीला जरा अधिकच वजन असते. दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये, आडनावाचे रूप दोन्हीकडे निराळे, त्यामुळे "सर, ही सही तुमचीच ना?" असे विचारणारे अधूनमधून येतच असतात. सही पारखण्याचा माझा अधिकार म्हणाल तर एवढाच. पण तेवढ्याच भांडवलावर गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत ग्वाल्हेरला एक कागद माझ्यापुढे ठेवला गेला, आणि त्याने मला पुष्कळ काही वाचायला लावले.

ताईचे सासर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर हिंदी; म्हणजे आपल्यासारखेच. तिचे सासरे आणीबाणीत मिसाखाली १९ महिने तुरुंगात होते. आता ते हयात नाहीत. ताईच्या सासूबाईंनी, त्यांना मी काकू म्हणतो, ट्रंकेतून स्थानबद्धतेचा हुकूम काढला आणि म्हणाल्या, "मास्तर, बघा बरं नीट. ही सही इंदिराबाईंचीच ना?" इतकी वर्षे घरात तसेच सांगितले गेले होते. कॉलेजात जाणारा नातू मात्र म्हणाला, "आजी, ही त्यांची सही नाहीच. कागदच खोटा असेल."

कागद सायक्लोस्टाइल केलेला, हिंदीत. नाव आणि पत्ता तेवढा हाताने भरलेला. खाली जिल्ह्याच्या एका अधिकाऱ्याची सही आणि शिक्का. नावाची शाई एक, सहीची दुसरी. नातवाचा पहिला निष्कर्ष बरोबर होता, दुसरा चुकला होता. पण त्याला ते पटवून द्यायचे तर 'खरी सही' म्हणजे काय, हे आधी ठरवायला हवे.

सही आणि मजकूर यांतले अंतर मराठी माणसाला नवे नाही. शिवकाळातल्या पत्रात वर शिक्का असे, आणि मजकूर संपे तिथे मोर्तब उमटे. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे आहेत. इथे लेखनाची मर्यादा झाली, यापुढे कोणी काही जोडू नये, असा त्याचा व्यवहारातला उपयोग. आणि तरीही आपल्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध चिठ्ठी आहे ती 'ध चा मा'ची. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवले. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' (१९०९) या नाटकाचा विषयही हाच. लोककथा मात्र म्हणते की दादांनी 'धरावे' लिहिले होते आणि आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले. ही कथा आपण बालबोध अक्षरे डोळ्यांपुढे आणून ऐकतो. त्या काळचा दफ्तरी कारभार मोडीत चाले, हे विसरतो. आणि तिचा परिणाम काय, तर सही करणारा सुटतो. हुकूम त्याचा, पण दोष एका अक्षराचा आणि एका बाईचा. न्यायाधीशाने दिलेला निकाल लोककथेने अपिलात फिरवला, असेच म्हणावे लागेल.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणे इथे उपयोगी पडतील. १९८३ साली पश्चिम जर्मनीतल्या 'श्टेर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिशा सापडल्याचे जाहीर केले. हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर जुळते असा निर्वाळा दिला होता. पुढे कळले की तुलनेसाठी दिलेल्या नमुन्यांतले काही त्याच भामट्याने, कोनराड कुयाऊने, लिहिलेले होते. खोट्याशी खोटे ताडून पाहिले, तेव्हा जुळणारच. शेवटी लबाडी उघड केली ती कागदाने: त्यात महायुद्धानंतर वापरात आलेले पांढरे करणारे रसायन निघाले. बनावट दाखला पकडताना मीही आधी सही पाहत नाही. जावक क्रमांक आणि जनरल रजिस्टर पाहतो.

दुसरे उदाहरण कातिनचे. पोलिश अधिकारी व इतर कैद्यांना गोळ्या घालाव्यात, असा प्रस्ताव बेरियाने मार्च १९४० मध्ये स्टालिनपुढे ठेवला. त्यावर स्टालिन, वोरोशिलोव, मोलोतोव आणि मिकोयान यांच्या सह्या आहेत. सोव्हिएत सरकार १९९० पर्यंत हा दोष जर्मनांवर ढकलत राहिले. प्रस्तावाचा कागद १९९२ साली उजेडात आला. त्या सह्या बनावट आहेत असे म्हणणारे आजही भेटतात. पण त्या कागदाला साक्षीदार आहेत: १९५९ चे शेलेपिनचे टिपण, त्यातला २१,८५७ हा आकडा, आणि जमिनीतून निघालेली प्रेते. सही एकटी कधीच पुरत नाही.

आता आपल्याकडे या. २५ जून १९७५ च्या रात्री पंतप्रधानांचे पत्र राष्ट्रपतींकडे गेले, फक्रुद्दीन अली अहमद यांनी घोषणापत्रावर सही केली, आणि मंत्रिमंडळाला ते कळले दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत. या सहीवरची सर्वांत नेमकी समीक्षा मला अबू अब्राहम यांच्या व्यंगचित्रात दिसते. १० डिसेंबर १९७५ च्या 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये त्यांनी राष्ट्रपतींना न्हाणीच्या टबात बसून वटहुकमावर सही करताना दाखवले. ती सही शंभर टक्के अस्सल आहे, आणि हसू येते ते त्यामुळेच.

त्यापुढच्या सह्या खालच्या पायरीवरच्या. शहा आयोगाच्या नोंदीप्रमाणे मिसाखाली ३४,९८८ माणसे स्थानबद्ध झाली. दिल्लीत आधी अटक आणि कारणे मागाहून लिहिलेली, असे प्रकार आयोगासमोर आले. कायद्यात १६-अ कलम घालून स्थानबद्धाला कारण कळवण्याची अटच काढून टाकली होती. म्हणजे माणसाच्या हाती उरले ते फक्त त्याचे नाव आणि कोणाची तरी सही. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ठरवले की त्या सहीविरुद्ध दादही मागता येणार नाही. विरोधात एकटे न्या. खन्ना. तो निकाल न्यायालयाने रद्दबातल ठरवला २०१७ साली. त्या खटल्याचे नाव मुद्दाम पाहावे: 'अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल'. एका बाजूला माणसाचे नाव, दुसऱ्या बाजूला नुसता हुद्दा.

नातवाला मी एवढेच समजावले की कागद खरा आहे, सहीही बहुधा खरी आहे. खोटा आहे तो मजकूर. मग काकूंना म्हणालो, "काकू, ही सही इंदिराबाईंची नाही. एका अधिकाऱ्याची आहे." त्या बराच वेळ कागदाकडे पाहत बसल्या. "मग बाईंचं नाव कुठे आहे ह्यात?" त्यांनी विचारले. "कुठेच नाही," मी म्हणालो. "अहो, त्यांच्याशिवाय का हा कागद निघाला असता?" यावर मला उत्तर सुचले नाही. सहीच्या बाबतीत काकू चुकल्या होत्या, कर्त्याच्या बाबतीत नाही.

स्टालिनने निदान सही तरी केली. आपल्याकडे वरच्याने सांगायचे, खालच्याने लिहायचे, आणि पुढे दोघांनीही "मी नव्हे" म्हणायचे. राघोबादादांच्या कथेत आपण हेच खपवून घेतले. म्हणून अशा कागदाच्या समीक्षकाने सहीपाशी थांबू नये. मजकूर कोणी दिला, रिकाम्या जागा कोणी भरल्या, तारीख केव्हा पडली, आणि कारण का लिहिले नाही, हे सारे वाचावे.

आपल्या घरोघरीही ट्रंका आहेत. सीमालढ्यातल्या सत्याग्रहींचे कागद त्यांत असतील, तर ते लॅमिनेट करू नका. शाई, कागद तपासायची वाट त्याने बंद होते. पाकीट फेकू नका. कागद घरात केव्हा आणि कोणाच्या हातून आला, ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. काकूंचे सांगणे मी तसेच लिहून घेतले, खाली त्यांची सही घेतली, आणि तो कागद हुकमाबरोबर पुन्हा ट्रंकेत ठेवला.