शोपँचा पुतळा : एक आस्वाद

छत्रपती संभाजीनगरच्या सीमेवरील औरंगाबाद लेणीसमूहात, सातव्या लेण्याच्या गाभाऱ्यात, एक नर्तकी व तिच्याभोवती सहा वादक स्त्रिया कोरलेल्या आहेत. त्यांच्या हातांतील वाद्यांमुळे दगडातही संगीताचा भास होतो. परंतु वाद्यच न दाखवता संगीत कसे घडवावे? पोलंडची राजधानी वॉर्सा येथील फ्रेडरिक शोपँच्या पुतळ्यात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते.

शोपँने (१८१०-१८४९) आयुष्यभर प्रामुख्याने पियानोसाठीच रचना केल्या. तरीही शिल्पकार वात्सवाफ शिमानोव्स्की यांनी त्याच्याजवळ पियानो ठेवला नाही. आपल्याकडील वाळुंजाच्या कुळातील विलो वृक्ष वाऱ्याने वाकला आहे आणि त्याखाली शोपँ बसला आहे. तो वाजवत नाही, ऐकतो आहे. रचनाकार हा आधी श्रोता असतो, हे या शिल्पाचे मर्म होय. वृक्षाचा डौल मात्र काहीसा भारी वाटतो. शोपँच्या कितीतरी रचना अल्पाक्षरी आहेत. तो संयम काशाच्या या वादळात हरवतो.

पुतळ्याची योजना झाली तेव्हा वॉर्सावर रशियन सत्ता होती. पुढे पहिले महायुद्ध आले. अखेर १९२६ साली, स्वतंत्र पोलंडमध्ये, त्याचे अनावरण झाले. ३१ मे १९४० रोजी नाझींनी तो सुरुंगाने उडवला. शोपँच्या संगीताचे जाहीर वादनही त्यांनी निषिद्ध ठरवले. सुरांना राष्ट्राचे स्मरण राहते, हे त्या सत्तेला पुरते उमगले होते. १९५८ साली पुतळा पूर्वीच्याच रूपात पुन्हा उभा राहिला.

मग आजचा पुतळा केवळ नक्कल मानावा काय? मला तसे वाटत नाही. शोपँचा देह पॅरिसमध्ये विसावला आहे. हृदय मात्र वॉर्साच्या पवित्र क्रूस मंदिरातील स्तंभात जतन केले आहे. तेथे मत्तयकृत शुभवर्तमानातील धन व हृदय यांविषयीचे वचन कोरले आहे. त्या वचनाच्या प्रकाशात पाहता, पुतळ्याचे धन काशात नव्हतेच. १९५९ पासून उन्हाळ्यातील रविवारी त्याच्या पायथ्याशी पियानोवादन होते आणि लोक हिरवळीवर बसून ऐकतात. स्मारकाला अर्थ येतो तो या ऐकण्याने. जयंतीला हार घालून वर्षभर विसरलेले पुतळे आपण पाहतोच.

आपल्या धर्मग्रामांत रविवारच्या मिस्सामध्ये जी गीते आपण गातो, त्यांतील कितींचे रचनाकार आपल्याला ठाऊक आहेत? त्यांचे पुतळे उभारावेत असे मी म्हणत नाही. गीतपुस्तिकेत प्रत्येक गीताखाली शब्दकार व स्वरकार यांची नावे छापली जावीत आणि गीत आरंभण्यापूर्वी ती वाचली जावीत, एवढे मात्र आपल्या हाती आहे.