महारोहिणीचा विस्फार आणि चरित्रकारांचे मौन : आइन्स्टाइन व डीबेकी यांच्या आजारकथनांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना :

थोर व्यक्तींच्या चरित्रांत मृत्यूला मानाचे स्थान असते. मृत्यूपर्यंत नेणाऱ्या आजाराला ते क्वचितच लाभते. अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे 18 एप्रिल 1955 रोजी प्रिन्स्टन येथील रुग्णालयात उदरातील महारोहिणी फुटून निधन झाले. शस्त्रक्रियेस त्यांनी नकार दिला होता आणि हा नकार त्यांच्याविषयीच्या लेखनात स्थितप्रज्ञतेचा अखेरचा पुरावा म्हणून येत राहिला आहे. प्रस्तुत लेखात या कथनाची तपासणी केली आहे. नकाराचे मोल त्यापूर्वी मिळालेल्या वैद्यकीय सेवेपासून तोडून ठरविता येत नाही, हे येथील मुख्य प्रतिपादन होय. त्यासाठी अब्राहम पाइस (1982) व वॉल्टर आयझॅक्सन (2007) यांची चरित्रे मुख्यतः विचारात घेतली असून, तुलनेसाठी शल्यविशारद मायकेल डीबेकी यांच्या आजाराविषयी लॉरेन्स ऑल्टमन यांनी 2006 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलेला वृत्तान्त घेतला आहे.

महारोहिणी ही हृदयापासून निघून छाती व पोटातून खाली जाणारी, शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. मराठीत तिला महाधमनी असेही म्हणतात. तिची भिंत एखाद्या ठिकाणी दुबळी होऊन फुगली की त्या फुगवट्याला विस्फार किंवा अॅन्युरिझम म्हणतात. पुष्कळदा तो कोणतेही लक्षण न दाखविता वर्षानुवर्षे वाढतो, आणि फुटल्यावर बहुसंख्य रुग्ण वाचत नाहीत. फुगणे आणि फुटणे यांमधील काळ हाच उपचाराचा काळ असतो. चरित्रांतून नेमका तोच गळतो.

चरित्रातील सहा वर्षे :

आइन्स्टाइन यांना पोटदुखीचे झटके अनेक वर्षे येत होते. डिसेंबर 1948 मध्ये ब्रुकलिनच्या ज्यूइश हॉस्पिटलमध्ये रुडॉल्फ निस्सेन यांनी त्यांचे पोट उघडले, तेव्हा महारोहिणीवर मोठ्या फळाएवढा फुगवटा आढळला. निस्सेन हेही नाझी राजवटीमुळे बर्लिन सोडून आलेले ज्यू शल्यविशारद होते. फुगवटा काढून टाकून त्या जागी दुसरी नळी बसविण्याची सोय त्या वेळी जगात कोठेही नव्हती. निस्सेन यांनी त्याच्या दर्शनी भागाला सेलोफेनचे वेष्टन घातले. या कागदामुळे भोवतालच्या ऊतींचा दाह होतो, घट्ट तंतुमय आवरण तयार होते व दुबळ्या भिंतीला आधार मिळतो, अशी त्यामागील कल्पना होती. आज हा उपाय केविलवाणा वाटेल. पण त्या काळच्या ज्ञानाच्या मर्यादेत तो योग्य उपचार होता. त्यानंतर रुग्ण सहा वर्षांहून अधिक काळ जगला.

ही सहा वर्षे व्याधीच्या दृष्टीने वाचली तर चरित्राचा पोत बदलतो. फुगवटा वाढत असल्याचे सुमारे दीड वर्षाने लक्षात आले. आइन्स्टाइन यांनी मार्च 1950 मध्ये मृत्युपत्र केले. नोव्हेंबर 1952 मध्ये इस्रायलचे राष्ट्राध्यक्षपद नाकारले. 11 एप्रिल 1955 रोजी अण्वस्त्रांविरुद्धच्या रसेल यांच्या जाहीरनाम्यावर सही केली. व्याधीच यातील प्रत्येक निर्णयाचे कारण होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु हे सर्व निर्णय, आपल्या पोटात काय आहे हे पुरते ठाऊक असलेल्या माणसाचे होते, ही गोष्ट कथनात कोठेतरी जाणवायला हवी. पाइस यांच्याकडे ती जाणवते. सचिव हेलन ड्युकास यांच्या पत्राच्या आधारे ते सांगतात की, डोक्यावर टांगलेल्या तलवारीची जाणीव घरातील सर्वांना होती आणि स्वतः आइन्स्टाइन यांनाही होती. ते हसतमुखाने वाट पाहत होते. मात्र हे थोडक्या ओळींत उरकते. पाइस पदार्थवैज्ञानिक होते आणि त्यांचे चरित्र समीकरणांचे आहे. त्यांच्याकडून अधिक अपेक्षा करणे योग्य नव्हे. आयझॅक्सन यांनी मात्र शवविच्छेदनाच्या वेळी थॉमस हार्वे यांनी काढून घेतलेल्या मेंदूला संपूर्ण उपसंहार दिला आहे. मेंदूच्या बरणीभोवती जमलेले हे कुतूहल रोहिणीच्या वाट्याला येत नाही.

पाईपचेही तसेच. तंबाखूवर बंदी आल्यावर रिकामी पाईप तोंडात धरणारे आइन्स्टाइन हे चरित्रवाङ्मयातील लाडके चित्र आहे. उदरातील महारोहिणीच्या विस्फाराला धूम्रपान हे प्रमुख कारण मानले जाते, ही माहिती त्या चित्राशेजारी ठेवली की त्यातील गोडवा ओसरतो.

नकाराचा अर्थ :

1955 च्या एप्रिलमध्ये वेदना सुरू झाल्या तेव्हा वैद्यकशास्त्र बरेच पुढे गेले होते. पॅरिसमध्ये शार्ल द्युबो यांनी मार्च 1951 मध्ये मृत व्यक्तीच्या रोहिणीचा तुकडा बसवून उदरातील विस्फार काढला होता. ह्यूस्टनचे डीबेकी 1954 पासून डेक्रॉन कापडाची नळी वापरू लागले होते. तिचे पहिले नमुने त्यांनी घरच्या शिवणयंत्रावर शिवले होते. न्यूयॉर्कचे शल्यविशारद फ्रँक ग्लेन आइन्स्टाइन यांना पाहण्यास आले व शस्त्रक्रियेचा पर्याय पुढे ठेवण्यात आला. परंतु रुग्ण 76 वर्षांचा होता, फुगवटा गळू लागला होता आणि ही शस्त्रक्रिया अगदी नवी होती. मरण किती यातनामय असेल, हे आइन्स्टाइन यांनी विचारले. कृत्रिमरीत्या आयुष्य लांबविण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता. चश्मा व अपुरी आकडेमोड त्यांनी रुग्णालयात मागवून घेतली.

हा प्रसंग उदात्त आहे यात शंका नाही. पण तो उदात्त होण्यासाठी काय काय घडावे लागले, हे पाहणे अगत्याचे आहे. निदान झालेले होते. ते रुग्णाला सांगितलेले होते. देखरेख होती. प्रश्न विचारण्याजोगा तज्ज्ञ खाटेजवळ होता आणि यश अनिश्चित होते. यांपैकी एक जरी गोष्ट नसती, तरी त्या नकाराला निर्णय न म्हणता नाइलाज म्हणावे लागले असते. चरित्रकार नकार उचलून धरतात व त्याखालचा आधार सोडून देतात.

बोधकथा म्हणून ही गोष्ट व्याख्यानात चांगली शोभते आणि तेथेच तिचा धोका आहे. आज पोटाच्या साध्या सोनोग्राफीत हा फुगवटा मोजता येतो. लहान असल्यास ठरावीक काळाने तपासणी, रक्तदाबावर नियंत्रण व धूम्रपान बंद, आणि पुरुषांत साधारण 5.5 सेंटिमीटरपर्यंत पोहोचल्यास शस्त्रक्रियेचा विचार, अशी रीत आहे. हुआन पारोदी यांनी 1990 मध्ये ब्वेनोस आयरीस येथे जांघेतील रोहिणीतून आच्छादित नळी सरकविण्याची पद्धत वापरली. तेव्हापासून अनेकांना पोट उघडावे लागत नाही. इंग्लंडमध्ये पुरुषांना वयाच्या 65 व्या वर्षी तपासणीसाठी बोलावले जाते. भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. येथे फुगवटा पुष्कळदा दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत अवचित सापडतो. अशा रुग्णाने आइन्स्टाइन यांचा नकार प्रमाण मानला, तर तो 1955 चा उपाय आजच्या आजाराला लावीत असतो.

दुसरा नकार :

31 डिसेंबर 2005 रोजी 97 वर्षांच्या डीबेकी यांच्या छातीत तीव्र वेदना उठल्या. महारोहिणीची भिंत आतून चिरली गेली होती. आइन्स्टाइन यांच्या उदरातील विस्फाराहून ही व्याधी वेगळी आहे, मात्र जागा त्याच रोहिणीवरची. तिचे वर्गीकरण डीबेकी यांनीच पूर्वी केले होते. त्यांनीही प्रथम शस्त्रक्रिया नको म्हटले. पुढे ते बेशुद्ध झाले. नोंदीतील त्यांच्या इच्छेकडे बोट दाखवून रुग्णालयातील भूलतज्ज्ञांनी सहभाग नाकारला. नीतिसमितीची रात्री बैठक झाली. पत्नीने शस्त्रक्रियेचा आग्रह धरला. आणि फेब्रुवारी 2006 मध्ये जॉर्ज नून यांनी शस्त्रक्रिया केली. डीबेकी वाचले, कामावर परतले व जुलै 2008 मध्ये निधन पावले. सहकाऱ्यांनी केले ते योग्यच, असे त्यांनी नंतर सांगितले.

ऑल्टमन स्वतः डॉक्टर होते. शस्त्रक्रियेचे यश ठाऊक असूनही त्यांनी डॉक्टरांमधील मतभेद लपविला नाही, हे त्यांच्या लेखनाचे बळ आहे. येथे एक भेद मात्र वाचकालाच करावा लागतो. शुद्धीवर आलेल्या रुग्णाने दिलेली मान्यता ही त्याची कृतज्ञता आहे, पूर्वसंमती नव्हे. डीबेकी त्या टेबलावर दगावले असते, तर नकार देणारे भूलतज्ज्ञच रुग्णाची इच्छा पाळणारे ठरले असते. त्यांच्यासमोरची नोंद मात्र तीच राहिली असती.