त्रेसष्ट गुण आणि एक फसलेला प्रयोग

पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा, तसाच आपण संशोधक म्हणून कसे घडलो याचा पुरावाही जवळ ठेवावा, हा विचार रास्त आहे. ब्रिटनमधील 'व्हिटे' या संस्थेने २०१० साली त्यासाठी एक आराखडा मांडला. त्यात ४ विभाग, १२ उपविभाग आणि तब्बल ६३ गुण! जोडीला संगणकावरचा पोर्टफोलिओ, म्हणजे कामाची संचिका. प्रत्येक गुणात आपण कोणत्या टप्प्यावर आहोत हे विद्यार्थ्याने ठरवायचे आणि पुरावे जोडायचे. अध्यापन, नीतिमत्ता, पैशांचे नियोजन यांनाही त्यात जागा आहे, ही जमेची बाजू.

आमचा आक्षेप आहे तो या पुराव्यांविषयी. जे जोडायला सोपे, तेच जोडले जाते. कार्यशाळेचे प्रमाणपत्र चटकन चढवता येते. तीन महिने उपकरण चालले नाही आणि त्यातून चूक शोधायची कशी हे उमगले, ते कोणत्या रकान्यात घालणार? शिवाय संचिका वाचणारा आणि गुण देणारा एकच असेल, तर फसलेले काम लिहील कोण? आपल्या शाळा-कॉलेजांतील जर्नल आठवावे. उत्तर आधी, निरीक्षणे मागाहून!

मायकेल फॅरेडेने १८६२ साली ज्योतीच्या वर्णपटावर चुंबकाचा परिणाम होतो का, हे पाहिले. काहीच दिसले नाही. त्याने तसेच वहीत नोंदवले. पुढे या प्रयत्नाविषयी पीटर झीमनच्या वाचनात आले. आता उपकरणे अधिक चांगली आहेत, तेव्हा पुन्हा पाहावे, असे त्याला वाटले आणि १८९६ साली परिणाम दिसला. १९०२ च्या नोबेल पारितोषिकात तो वाटेकरी झाला. फॅरेडेची ती नोंद त्रेसष्टांपैकी कोणत्या गुणाचा पुरावा ठरली असती?

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार संशोधक विद्यार्थ्याला दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. उद्या त्यासाठी संगणकीय संचिका आलीच, तर तिचे दोन कप्पे असावेत, असे आम्हांस वाटते: एक समितीला दाखवण्याचा, दुसरा फक्त विद्यार्थ्याचा. दुसऱ्यातील नोंदीवर आपोआप तारीख पडावी, आणि दुरुस्ती केली तरी जुना मजकूर पुसला जाऊ नये. संगणकाला हे मुळीच अवघड नाही. त्यातले काय बाहेर काढायचे, ते विद्यार्थ्याने ठरवावे.