पल्प विमानकथा आणि मेजावरील भूमिका-खेळ : एका आसनाचा प्रश्न

लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त, खरबरीत कागदावर निघणारी अमेरिकन कथामासिके 'पल्प' या नावाने ओळखली जातात. दोन महायुद्धांच्या दरम्यान या मासिकांनी गुप्तहेर व गुराखी यांच्या जोडीला वैमानिकालाही नायकपद दिले. रॉबर्ट जे. होगन यांची 'जी-८ अँड हिज बॅटल एसेस' ही मालिका १९३३ ते १९४४ या काळात ११० अंकांपर्यंत चालली. पहिल्या महायुद्धातील हा हेर-वैमानिक शत्रूच्या विक्षिप्त शास्त्रज्ञांचे संहारक शोध उधळून लावतो. पुढचा अंक यायचाच असल्यामुळे तो मरत नाही, आणि वाचकालाही ते ठाऊक असते.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) पासून रूढ झालेल्या मेजावरील भूमिका-खेळाची रीत वेगळी आहे. येथे चार-पाच जण एकत्र बसतात, प्रत्येक जण एक पात्र स्वीकारतो, एक जण सूत्रधार होतो आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. अशा खेळात पल्प विमानकथा आणू पाहणाऱ्या रचनाकाराची पहिली अडचण अगदी साधी असते : लढाऊ विमानात बहुधा एकच आसन असते. जी-८ ला निपी वेस्टन आणि बुल मार्टिन हे साथीदार आहेत, परंतु मालिका त्याच्या नावाची आहे. कथेत दुय्यम पात्र खपते. मेजाशी मात्र दुय्यम ठरण्यासाठी कोणी संध्याकाळ खर्च करीत नाही.

या अडचणीची दोन उत्तरे विचारात घेण्याजोगी आहेत. जॉर्डन वाइझमन व डेव्ह मॅककॉय यांनी कल्पिलेला 'क्रिम्सन स्काइज' (फासा, १९९८) हा काटेकोर अर्थाने भूमिका-खेळ नव्हे. तो हवाई चकमकींचा पटावरील खेळ आहे. तरीही त्याने उभे केलेले जग या प्रकारात सर्वांत संपन्न ठरावे. १९३७ सालची ही काल्पनिक अमेरिका साथीचा रोग, दारूबंदीवरून पडलेली फूट आणि आर्थिक मंदी यांमुळे अनेक लहान राष्ट्रांत विभागली आहे. सरहद्दींमुळे रस्ते आणि लोहमार्ग निरुपयोगी झाले, माल झेपेलिनमधून जाऊ लागला आणि त्यामागोमाग हवाई चाचे आले. चाच्यांची टोळी एका झेपेलिनवर राहते व तेथूनच एकेकाचे विमान झेपावते. आसन एकट्याचे, घर सर्वांचे, अशी ही सोय आहे.

'स्पिरिट ऑफ द सेंच्युरी' (एव्हिल हॅट, २००६) या भूमिका-खेळाचे उत्तर वाङ्मयीन आहे. पात्र घडवताना प्रत्येक खेळाडू आपल्या नायकाच्या एका काल्पनिक कादंबरीचे शीर्षक ठरवतो आणि मग इतरांच्या कादंबऱ्यांत पाहुणा म्हणून जातो. प्रत्येक जण स्वतःच्या मालिकेचा नायक आणि दुसऱ्याच्या मालिकेतील साथीदार होतो. पल्पच्या विक्रीतंत्राचेच नियमात केलेले हे रूपांतर चातुर्याचे आहे.

भीतीच्या बाबतीत मात्र हा खेळ कमी पडतो. नायकाचा दोष आड आला की खेळाडूला उपयोगी गुण मिळतो, हरणाऱ्याला वेळीच सन्मानाने माघार घेता येते; त्यामुळे कोसळणारे विमानही पुढच्या प्रकरणाची सोय होऊन बसते. मासिकाशी ही निष्ठा खरी, पण उंचीवरून पडण्याचे भय गेले की विमान आणि मोटार यांत फरक उरत नाही. 'क्रिम्सन स्काइज'मध्ये विमानाच्या चिलखताचे चौकोन पेन्सिलीने भरत जातात आणि उरलेले पांढरे चौकोन खेळाडू स्वतः मोजत असतो. एरिका चॅपेल यांच्या 'फ्लाइंग सर्कस' (२०२०) ने ही भीती विमानातून माणसात आणली : उड्डाणातील ताण वैमानिकावर साचतो आणि जमिनीवर उतरल्यावर तो कोठेतरी बाहेर पडावाच लागतो. पल्प नायकाच्या अंगी नसलेली ही थकवा येण्याची क्षमता त्याला प्रथमच माणूस करते.

दुसरा मुद्दा नकाशाचा आहे. पल्प वैमानिक आशिया-आफ्रिकेत कोठेही, कोणाचीही परवानगी न घेता उतरतो. ती भूमी त्याच्या लेखी धावपट्टी असते. नव्या खेळांनी उघड वंशद्वेष बव्हंशी पुसला, पण 'हरवलेले शहर' शोधायला निघालेल्या नायकाला ते कोणाचे हरवले होते असे क्वचितच विचारले जाते. या दृष्टीने 'क्रिम्सन स्काइज'ची कल्पना अधिक धाडसी म्हणावी लागेल. तिने साहसाची सरहद्द परमुलखात न ठेवता अमेरिकेच्याच अंगणात आणली; अमेरिकन वैमानिकाला अमेरिकन आकाशातच परका केले.

पुढे २००० मध्ये याच जगावर संगणक-खेळ निघाला आणि २००१ मध्ये फासाने आपला व्यवहार आवरता घेतला. संगणकावर खेळाडू नेथन झॅकरी या एकाच चाच्याची भूमिका करतो. त्याची टोळी आणि झेपेलिन तेथेही आहेत. साथीदारांची विमाने मात्र संगणक चालवतो.